इंग्लिश लॅव्हेंडर लावू की लॅव्हेंडिन?
लॅव्हेंडर लावायचंय तर आधी ठरवा, खायचंय की कपाटात ठेवायचंय. चहात, बिस्किटात घालायचं असेल तर डोळे झाकून इंग्लिश घ्या, त्यात कापराचा अंश अगदी कमी त्यामुळे वास गोड, आणि झुडूपही आटोपशीर, कुंडीत मस्त राहतं. लॅव्हेंडिन म्हणजे इंग्लिश आणि स्पाइक लॅव्हेंडरचा संकर, झाड मोठं, दांडे लांब, तेल भरपूर पण वास कापरासारखा उग्र, म्हणून कपड्यांच्या घडीत पुरचुंडी ठेवायला हेच भारी, वास कमी झाला की वाळलेली फुलं बोटांनी जरा चुरडायची, परत येतो. याला बी धरत नाही, फांदीच लावावी लागते. ऊन दोघांनाही कडक हवं आणि पाणी बेताचंच, मुळाशी साचलं की झाड गेलंच. एकच कुंडी असेल तर मी इंग्लिशच लावेन.