‘ची नेई त्सांग’: पोटाचं मालिश घ्यावं का?

मुंबईतल्या एखाद्या स्पाच्या मेन्यूकार्डावर ‘ची नेई त्सांग’ दिसलं तर ते पोटाचं मालिश समजावं. मूळ चिनी ताओ परंपरेतलं. जगभर पोचवलं ते थायलंडच्या मंताक चिया यांनी. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की बेंबीभोवती हिंग लावून हलक्या हाताने चोळतात ना, त्यातलाच प्रकार, फक्त जास्त खोल दाबाचा. हे परीक्षण पार्ल्यातल्या एका स्पामधल्या ६० मिनिटांच्या सत्राचं. पाय धुणं आणि शेवटचा आल्याचा चहा वजा केला तर पोटाच्या वाट्याला ४० मिनिटं येतात.

पाठीवर झोपवून गुडघ्याखाली लोड देतात. तो मागून घ्याच, कारण पाय सरळ असले की पोटाचे स्नायू ताणलेले राहतात आणि दाब आतड्यापर्यंत पोचत नाही. तेल दोन चमचे पुरे. इथे वाटीभर ओतलं. मग बोटं घसरतात, कातडी चोळली जाते आणि खालचं काही हलत नाही.

सुरुवात बेंबीभोवती छोट्या वर्तुळांनी, मग मोठ्या आतड्याच्या वाटेने: उजव्या कुशीत खालून वर, बरगड्यांखालून आडवं डावीकडे आणि डावीकडून खाली. म्हणजे पोटाकडे बघणाऱ्याला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. बद्धकोष्ठ असेल तर जाणकार हात आधी डावीकडचा शेवटचा टप्पा मोकळा करतो, मग मागे मागे येतो. नाल्याचं तोंड तुंबलेलं असताना वरून गाळ ढकलून काय होतं, हे मुंबईकराला सांगायला नको. इथल्या थेरपिस्टने हा क्रम बिनचूक पाळला, हे या सत्राचं सर्वांत मोठं बलस्थान.

श्वासाकडे मात्र दुर्लक्ष झालं. दाब श्वास सोडताना द्यायचा आणि घेताना हात सैल करायचा. श्वास घेताना छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा खाली येतो, पोट वर उचललं जातं. तेव्हा दाबलं तर स्नायू आपोआप घट्ट होतात आणि दुसऱ्या दिवशी जिमला गेल्यासारखे दुखतात. ‘ताई, श्वास सोडताना दाबा’ एवढं सांगितलं तरी काम होतं. बेंबीच्या वर धडधड लागते ती महाधमनी. तिथे जोर द्यायचा नाही.

माहितीपत्रकात ‘विषद्रव्यं बाहेर पडतात’ वगैरे छापलंय, ते सोडून द्या. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. स्वीडनमधल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पोटाच्या मालिशाने बद्धकोष्ठाचा त्रास कमी झाला, पण रेचकं घेण्याचं प्रमाण घटलं नाही. अपेक्षा तेवढीच ठेवावी. गॅस, जडपणा, पोट साफ न होणं यासाठी पैसे घालायला हरकत नाही. अॅसिडिटीवाल्यांनी ते वाचवावेत. जठरावर दाब पडला की आंबट पाणी उलट वर येतं.

फॉर्मवर वाढदिवस विचारला, हर्निया नाही. ही चूक गंभीर आहे. गरोदरपण, हर्निया, पित्ताशयातले खडे, नुकतंच झालेलं सिझेरियन किंवा पोटाचं ऑपरेशन असेल तर हे मालिश नको. शौचातून रक्त जात असेल, वजन उगाच घटत असेल, किंवा बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं असेल, तर स्पा नव्हे, डॉक्टर गाठावा.

जेवण आणि मालिश यांत किमान दोन-तीन तास हवेत, म्हणजे सकाळी ११ ची वेळ सोयीची. संध्याकाळी ७ ची घेतली तर पाचचा वडापाव सोडावा लागतो. आधी लघवीला जाऊन या. उठल्यावर पोटात गुरगुर होते, वारा सरतो, कधी लगेच जावंही लागतं. त्यामुळे तडक विरार लोकल पकडू नका, अर्धा तास तिथेच टेका. त्या स्पातल्या स्वच्छतागृहाची कडी मात्र धड लागत नाही.