पाहुण्यांसाठी स्मोक्ड सॅल्मन: चार पाकिटांचा अनुभव

जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी आमच्या कोथरूडच्या घरी आठ पाहुणे जेवायला यायचे होते. मासे खाणारी मंडळी आली की आमच्याकडे सुरमईच्या तुकड्या नाहीतर कोळंबी तळली जाते. त्यात पाहुणे दिवाणखान्यात गप्पा मारत असतात आणि मी तव्यापुढून हलू शकत नाही. या वेळी जेवणाआधीचा पदार्थ थंड, आधी रचून ठेवता येणारा आणि हाताने उचलून खाता येणारा असावा असे ठरवले, आणि बऱ्याच वर्षांपासून मनात असलेला स्मोक्ड सॅल्मन घरी आणला. (इंग्रजी उच्चारात ‘ल’ नसतो, तो ‘सॅमन’ असा आहे, हे त्या संध्याकाळी दोन पाहुण्यांनी स्वतंत्रपणे सांगितले. पुण्यात हे व्हायचेच.) पाकिटांची नावे मी येथे देत नाही, कारण आमच्या दुकानातला आयात माल सतत बदलत असतो. कोणत्या प्रकारचे पाकीट घ्यावे हे एकदा समजले की नावाला फारसे महत्त्व उरत नाही.

प्रकार मुख्यतः दोन आहेत. पहिल्यात मासा मिठात मुरवून ३० अंशांहून कमी तापमानाच्या धुरात कित्येक तास टांगून ठेवतात. तो शिजत नाही, त्याचे मांस कच्च्यासारखेच मऊ आणि किंचित पारदर्शक राहते, आणि पातळ कापांच्या रूपात विकला जातो तो हाच. दुसऱ्यात धूर गरम असतो, त्यामुळे मासा धुरकटतो आणि शिजतोही, आणि बोटांनी दाबला की त्याचे पदर सुटतात. मीठ आणि धूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सुकट, सोडे किंवा खारवलेला बांगडा येतो आणि डब्यात भरून ठेवला की महिनोन्‌महिने चिंता नाही असा समज होतो. या माशाच्या बाबतीत तो समज घातक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून लंडनच्या पूर्व भागात आलेल्या ज्यू कुटुंबांनी तेथे सॅल्मनला धुरी देण्याचा धंदा रुजवला. पुढे बर्फाची आणि शीतगृहांची सोय होत गेली तसे मासा टिकवण्यासाठी भरमसाट मीठ लावण्याचे कारण उरले नाही, आणि मीठ व धूर चवीपुरते झाले. आज पाकिटात मिळतो तो असा हलक्या हाताने मुरवलेला मासा असल्यामुळे त्याची जागा फ्रीजमध्येच, आणि पाकीट उघडल्यावर दोन-तीन दिवसांत तो संपवावाच लागतो.

खरेदीला निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट स्पष्ट असावी. पुण्यातल्या अनेक मेनूकार्डांवर ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून जो मासा असतो तो आपला रावस, आणि रावसाचे सॅल्मनशी कसलेही नाते नाही. सॅल्मन हा थंड पाण्यातला मासा आहे. अटलांटिक सॅल्मन म्हणून आपल्याकडे येणारा माल बहुतांशी नॉर्वेसारख्या देशांत समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवलेला असतो, आणि नॉर्वेत ही शेती १९७० च्या सुमारास हित्रा बेटावर पहिल्यांदा नीट यशस्वी झाली. रावस उत्तम मासा आहे, कालवणात तर मी सॅल्मनपेक्षा रावसच घालीन. मात्र ‘तेच ते, निम्म्या किमतीत’ असे म्हणून ताजा रावस घरच्या घरी मिठात मुरवून कच्चा वाढण्याचा प्रयोग कोणी करू नये. कच्च्या माशातले जंत मारण्यासाठी लागणारे गोठवण आणि धुरीसाठी लागणारे नियंत्रित तापमान आपल्या ओट्यावर साधत नाही.

पहिले पाकीट मी घरपोच सामान आणून देणाऱ्या एका सेवेकडून मागवले आणि तो निर्णय चुकला. मालाच्या पानावर ‘गोठवलेले’ असे लिहिले होते, पण पाकीट कांदे-बटाट्यांबरोबर साध्या कागदी पिशवीत आले. ते हाताला कोमट लागत होते, आत पाणी सुटले होते आणि निर्वात वेष्टन एका कडेने सैल झाले होते. आणून देणाऱ्या मुलाचा त्यात काही दोष नव्हता, त्याच्या पिशवीत बर्फाची थैलीच दिलेली नव्हती. पैसे परत मिळाले, मात्र त्यासाठी तीन छायाचित्रे आणि पाऊण तास खर्ची पडला. त्यानंतर मी थंड पिशवी घेऊन स्वतः कॅम्पात गेले आणि तिथल्या एका मोठ्या दुकानाच्या शीतकपाटातून चार पाकिटे निवडून आणली. आयातदाराच्या चिकटपट्टीखाली मूळ तारीख झाकली गेलेली नाही ना, वेष्टन माशाला घट्ट चिकटलेले आहे ना आणि आत बर्फाचे खडे जमलेले नाहीत ना, एवढे पाहून घ्यावे. खडे दिसले तर माल मधे कधीतरी वितळून पुन्हा गोठला असण्याची शक्यता असते.

चारपैकी दोन पाकिटे थंड धुरीच्या कापांची होती, प्रत्येकी १०० ग्रॅम, किंमत ८५० रुपये. आदल्या रात्री ती फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवली. ओट्यावर किंवा पाण्यात ठेवून घाईने वितळवू नयेत, काप लिबलिबीत होतात. प्रत्येक पाकिटात पुठ्ठ्यावर एकावर एक सरकवलेले सहा काप निघाले. ते न फाटता सुटले, कडा सुकलेल्या नव्हत्या आणि वास समुद्राचा व लाकडाचा होता, ज्याला आपण ‘हिंवस’ म्हणतो तसा अजिबात नव्हता. चवीत आधी मीठ लागते, मग तुपासारखी स्निग्धता, आणि धूर अगदी शेवटी घशाशी जाणवतो. चुलीवरच्या भाकरीच्या धुरासारखा काही अनुभव येईल अशी माझी अपेक्षा होती, ती पूर्ण झाली नाही. हा धूर फार सभ्य आहे. माझे यजमान ‘याला धुरी दिली की नुसती दाखवली?’ असे म्हणाले ते अगदीच अन्यायाचे नव्हते, तरीही पोत आणि ताजेपणा यांसाठी हे पाकीट मी पुन्हा घेईन.

तिसरे पाकीट कापांच्या कडांचे आणि तुकड्यांचे होते, १०० ग्रॅम ४५० रुपयांना. मासा तोच, फक्त आकार वेडावाकडा आणि मधूनच एखादा तपकिरी, उग्र वासाचा भाग. पाहुण्यांपुढे तसेच ठेवण्याजोगे ते नाही, परंतु बारीक चिरून चक्क्यात कालवले तर हे निम्म्या किमतीचे पाकीट महागड्या कापांइतकेच काम करते, आणि हे मला आधी कळले असते तर कापांचे एक पाकीट कमी आणले असते.

चौथा होता गरम धुरीचा १५० ग्रॅमचा तुकडा, वर मिरपूड लावलेला, ९५० रुपयांचा. त्या संध्याकाळी सर्वांत आधी संपला तो हाच. कच्चा मासा पाहून बिचकणाऱ्यांनाही तो शिजलेला दिसतो आणि धुराची चवही त्याला ठसठशीत असते. पहिल्यांदाच हा मासा देणाऱ्या पुणेकर यजमानांनी सुरुवात येथून करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वाढण्याविषयी. पाश्चात्त्य पद्धतीत हे काप कुट्टूच्या पिठाच्या इवल्याशा धिरड्यांवर, आंबट साय आणि शेपू घालून देतात. यातले काय आयात करायचे आणि काय गल्लीतल्या दुकानातून आणायचे याचा विचार केला तेव्हा मासा सोडून बाकी सगळे घरातच असल्याचे लक्षात आले. क्रीम चीजच्या डबीऐवजी मी डेअरीतून पाव किलो चक्का आणला. चक्क्याचा आंबटपणा या माशाच्या स्निग्धतेला क्रीम चीजपेक्षा जास्त मानवतो, फक्त तो फार आंबट नसावा आणि त्यात मीठ मुळीच घालू नये, कारण माशात ते पुरेसे असते. शेपूचे नाव काढताच आमच्या घरात नाके मुरडली जातात. पण मुगाची डाळ घालून परतलेली शेपू निराळी आणि कोवळी, कच्ची, बारीक चिरून चक्क्यात चिमूटभर घातलेली शेपू निराळी, आणि या माशाबरोबर ती शतकानुशतके उगीच नांदलेली नाही.

धिरड्यांच्या जागी तांदळाची घावने केली, पुरीपेक्षाही लहान, एका वेळी तव्यावर सात-आठ. ती पूर्ण निवल्यावर वर चमचाभर चक्का, त्यावर कापाचा तिसरा हिस्सा सैलसर दुमडून, शेपूची एक काडी आणि लिंबाच्या सालीचा किंचित कीस. दोन पाकिटांतल्या बारा कापांची छत्तीस घावने झाली आणि मासे खाणाऱ्या आम्हा सात जणांना ती पुरली. लिंबाचा रस आधी पिळू नये, माशाचा रंग पांढुरका पडतो. खाऱ्या बिस्किटांवरही काही तुकडे रचून पाहिले, ती पंधरा मिनिटांत मऊ पडली. काकडीच्या चकत्यांना पाणी सुटले आणि चक्का घसरू लागला. कांद्याच्या पातळ चकत्या मात्र थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवून दिल्या तर छान लागतात. हिरवी चटणी, चाट मसाला आणि लसूण यांना मी जवळ फिरकू दिले नाही, आणि एका पाहुणीने मागितलेला शेजवान सॉसही ‘संपला’ असे सांगून कपाटातच ठेवला.

पाहुण्यांमध्ये मूळचे रत्नागिरीकडचे एक काका होते. त्यांनी पहिले घावन हातात धरून बराच वेळ निरखले आणि विचारले, “अगं, हा कच्चाच आहे ना?” कच्चा नव्हे, मुरवलेला आहे, असे मी सांगितल्यावर त्यांनी तो खाल्ला, दुसरा उचलला आणि “बांगडा असा का नाही कोणी करत?” असे म्हणाले. त्यांचा पुढचा प्रश्न रंगाचा होता. हा गुलाबी-केशरी रंग वरून लावलेला आहे का, ही शंका अनेकांना येते. नदी-समुद्रातल्या सॅल्मनला तो रंग कोळंबीसारख्या जीवांतल्या अ‍ॅस्टाझॅन्थिन या द्रव्यातून मिळतो, आणि पिंजऱ्यात वाढणाऱ्या माशाच्या खाद्यात तेच द्रव्य मिसळावे लागते. भिगवणला येणारे रोहित पक्षी खाण्यातूनच गुलाबी होतात, तसाच हा प्रकार, असे सांगितल्यावर काकांचे समाधान झाले.

आठांपैकी तिघांना हा मासा चालणार नव्हता आणि त्याची तजवीज आधीच केलेली होती. माझी भाची गरोदर आहे. थंड धुरीच्या माशात लिस्टेरिया नावाचे जिवाणू असू शकतात, ते फ्रीजच्या तापमानातही वाढतात आणि गर्भाला धोका पोहोचवतात, म्हणून गरोदर स्त्रियांनी तो खाऊ नये असा वैद्यकीय सल्ला असतो. फार वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसांनाही तोच नियम लागू आहे. यजमानांनी हे विचारायला संकोच करू नये आणि पाहुण्यांनी सांगायलाही. उरलेले दोघे शाकाहारी होते. त्यांच्यासाठी आणि भाचीसाठी गाजराच्या लांब पातळ पट्ट्या वाफवून, मीठ-लिंबू लावून, निखाऱ्यावर तूप सोडून त्यांना धुंगार दिला आणि त्याच चक्क्याबरोबर निराळ्या ताटलीत, निराळ्या चिमट्यासह ठेवल्या. खरे सांगायचे तर धुराच्या बाबतीत त्या गाजरांनी ८५० रुपयांच्या पाकिटावर मात केली.

वेळेचे गणित मात्र काटेकोर ठेवावे लागते. आपल्याकडे साडेसातचे आमंत्रण म्हणजे काही जण साडेआठला येतात, आणि सगळी घावने आधीच रचून मांडली तर शेवटच्या पाहुण्यापर्यंत पोहोचेतो मासा कोमट आणि तेलकट झालेला असतो. मी एका वेळी बाराच रचली, बाकीचे काप फ्रीजमध्ये ठेवले आणि ताटलीखाली बर्फाचे ताट ठेवले. जानेवारीच्या गारव्यात हे सहज निभावले. एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीकडे सरकलेला असताना, गच्चीवरच्या कार्यक्रमात मी हा पदार्थ ठेवणार नाही.

एकूण ३१०० रुपयांचा मासा झाला. तेवढ्यात ताजी सुरमई आणि कोळंबी भरपूर आली असती, आणि पोटभर मासे खायला घालायचे असतील तर हा सौदा मुळीच परवडणारा नाही. परंतु जेवणाआधीचे चार घास म्हणून, आणि त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच पाहुण्यांबरोबर बसू शकले हे धरून, मला तो खर्च पटला. पुढच्या वेळी कापांचे एक पाकीट, कडांचे एक आणि गरम धुरीचे दोन तुकडे आणायचे आहेत.

कडांच्या पाकिटातले थोडे तुकडे उरले होते. इंग्रजांनी आपली खिचडी उचलून तिच्यात धुरी दिलेला हॅडॉक मासा आणि उकडलेली अंडी घातली आणि तिला ‘केजरी’ म्हणून न्याहारीच्या टेबलावर नेले. सोमवारी सकाळी मी तिची परतफेड केली. मऊ मुगाच्या खिचडीत ते तुकडे घालून वाफ येईपर्यंत गरम केले, वर तूप आणि मिरपूड घातली. शेजवान सॉस मागणारी पाहुणी माझी नणंदच, ती रात्री मुक्कामाला राहिली होती. तिने दोनदा वाढून घेतले आणि सॉसची आठवण काढली नाही.