वेबसाईटसाठी लेख लिहून पैसे: शब्दाच्या भावाने दुसऱ्याचं लिहायचं की स्वतःची साईट काढायची?

मी सांगलीत विश्रामबागेत राहते, २०१७ पासून हेच काम करते, दिवसा शब्दाच्या भावाने दुसऱ्यांसाठी आणि रात्री जेवणं आवरली की स्वतःच्या साईटसाठी, त्यामुळे दोन्हींचा हिशोब माझ्या वहीत आहे. गेल्या महिन्यात मिरजेच्या वहिनींनी विचारलं की घरी बसून लेख लिहायचे म्हणतेय, सुरुवात कुठनं करू. त्यांना जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहिते.

आधी बघायचं की तुम्हाला पैसे कधी लागणारेत. शब्दाच्या कामात लेख दिला, बिल पाठवलं की पंधरा दिवस ते महिनाभरात पैसे खात्यात येतात. मी २० पैसे शब्दाने सुरुवात केली, म्हणजे हजार शब्दांचे दोनशे रुपये आणि त्यात माझा पूर्ण दिवस जायचा, आता ७० पैशांपासून रुपयापर्यंत मिळतात. साईटचं मात्र पहिले १४ महिने एक रुपया हातात आला नाही. साईटवर दिसणाऱ्या गूगलच्या जाहिरातींचे पैसे अ‍ॅडसेन्स खात्यात जमतात, तिथं १० डॉलर झाले की गूगल पत्ता तपासायला पोस्टाने पिन पाठवतं, आणि १०० डॉलर साठल्याशिवाय बँकेत काही येत नाही, तोवर आकडे नुसते स्क्रीनवर बघायचे. माझं पहिलं पाकीट आलंच नाही कारण पत्त्यात मी गल्लीचं नाव टाकलं नव्हतं, परत मागवलं त्यात आणखी महिना गेला. तेव्हा पत्ता पोस्टमनला कळेल असाच लिहा, जवळची खूण टाकून.

घरात दुसरा पगार नसेल तर साईटच्या भरवशावर नोकरी सोडू नका, हे मी अगदी हात जोडून सांगते.

आता भावाचं. इंग्रजीतनं मराठी करायचं काम भरपूर येतं आणि तिथं मी दीड वर्ष नुकसान सोसलं. 'फॉर द फार्मर्स इन सांगली' हे इंग्रजीत पाच शब्द, आपण लिहिणार 'सांगलीतल्या शेतकऱ्यांसाठी', झाले दोन. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, म्हणून इंग्रजी हजार शब्दांचा लेख माझ्याकडे मराठीत सातशे-साडेसातशे शब्दांत बसतो, आणि पैसे मराठी शब्द मोजून मिळत असतील तर काम हजाराचं आणि मजुरी सातशेची. म्हणून भाव ठरवताना पहिल्याच फोनवर विचारायचं, मोजणी मूळ इंग्रजीवर का मराठीवर. बरेच जण मान्य करतात, फक्त आधी विचारावं लागतं.

पैसे बुडण्याची भीती याच बाजूला जास्त. एका एजन्सीने माझे १८ हजार बुडवले, तीन महिने 'पुढच्या आठवड्यात' करत शेवटी फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून नवीन माणसाकडनं पहिल्या तीन लेखांचे पैसे आगाऊ घेते, आणि सॅम्पल म्हणून तीनशे शब्दांच्या वर फुकट लिहीत नाही. टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापलेला टॅक्स, त्याला मात्र घाबरू नका, वर्षाला ५० हजारांच्या वर फी गेली की कंपनी बहुतेक १० टक्के कापते, तुमचा टॅक्स बसत नसेल तर रिटर्न भरून ते परत मिळतात. पॅन नंबर दिलेला पाहिजे, नाहीतर २० टक्के जातात.

लेख कुणाचा, हे पण समजून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात नोकरीत नसलेला माणूस लिहितो तेव्हा पहिला मालक तोच असतो, हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात. पण एजन्सी करारात सगळे हक्क कायमचे लिहून घेते आणि आपण न वाचता सही करतो. मी दिलेले शेकडो लेख नेटवर आहेत, एकावरही माझं नाव नाही. साईटवरचं प्रत्येक अक्षर माझं आहे, आणि याचं मोल मला पैशापेक्षा कमी वाटत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्याकडे लाईट नाही, नेट नाही, आठ दिवस एक ओळ लिहिली नाही आणि शब्दाची कमाई शून्य. साईटवर तेवढ्यात तीन डॉलर पडले होते. रक्कम छोटीच, पण मी काम न करता आलेली ती पहिली कमाई.

साईटचा खर्च फार नाही, गूगलच्या ब्लॉगरवर तर फुकट, साईटला स्वतःचं नाव म्हणजे डोमेन घ्यायचं तर त्याचे वर्षाला हजाराच्या आसपास. मराठी पानांवर जाहिरातीचा दर इंग्रजीपेक्षा कमी मिळतो हे धरूनच चाला. खरा प्रश्न विषयाचा. मी आधी 'केस गळतीवर दहा उपाय' असले लेख टाकले, एकही चालला नाही, असले लेख हजारोंनी पडलेत. मग तासगावकडच्या आमच्या बेदाणा शेडवर लिहिलं, द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात का बुडवतात, रॅकवर किती दिवस ठेवायची, ढगाळ हवेत माल काळा पडायला लागला की काय करायचं. तो लेख दरवर्षी फेब्रुवारी-मार्चला आपोआप वर येतो. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरला आलं आणि वर्षभरात माझं जनरल लेखांचं काम निम्म्यावर आलं, आता 'एआयने लिहिलंय, फक्त सुधारून द्या' म्हणून निम्म्या भावात येतं. शेडचा लेख तसाच चालूए.

फायव्हर, अपवर्क या नेटवर सुटी कामं मिळवून देणाऱ्या साईट्स हा तिसरा मार्ग, पण तिथं इंग्रजी चांगलं लागतं, फायव्हर २० टक्के कापून घेतं आणि अपवर्कवर नुसता अर्ज करायला कनेक्ट्स, म्हणजे तिथले टोकन, खर्च होतात. मराठीचं काम तिथं कमी. मी सहा महिन्यांत सोडलं.

वहिनींना जूनमध्ये पोराची फी भरायचीये, म्हणून त्यांना मी अनुवादाचं काम घ्यायला सांगितलं, मोजणी इंग्रजी शब्दांवर. त्यांचं माहेर हरिपूरचं, वडील हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवर, कामाला होते, पेव उघडल्यावर आत लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडून हवा बघायची, हे त्यांनी लहानपणी काठावर उभं राहून बघितलंय. यावर स्वतःच्या साईटसाठी लेख लिहा, रविवारची दुपार त्याला ठेवा म्हटलं. दोन पानं लिहून झालीत, वडिलांना फोन करून पेव किती खोल असायचं ते विचारायचं राहिलंय.