सात महिने माशा बांधल्यावर: रोटरी व्हाइसचा अनुभव

‘माशा मारत बसणं’ हा वाक्प्रचार आमच्या घरी गेल्या सात महिन्यांत फार वापरला गेला. दर वेळी मी एवढंच सांगतो की मी मारत नाही, बांधतो. मासे पकडायच्या हुकवर, म्हणजे गळावर, दोरा, पिसं आणि केस गुंडाळून ट्राउट माशाला खरी वाटेल अशी माशी तयार करायची, हे ते काम. त्यासाठी घेतलेला हा रोटरी व्हाइस, म्हणजे हुक जबड्यात धरून गोल फिरवता येणारा शिकंजा, मी जवळजवळ रोज वापरतो.

जबडा चांगला आहे. १० ते १८ नंबरचे हुक घट्ट बसतात. (नंबर वाढतो तसा हुक लहान होतो, नव्यांनी हे आधी पाठ करावं.) २० च्या हुकसाठी मात्र जबडा पुन्हा नीट जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर ऐन दोरा ताणताना हुक उडतो. माझे दोन असे उडाले; एक पायमोज्यात सापडला, दुसरा अजून शोधतोय. हुक वळणापाशी पकडावा, टोक जबड्यात दाबू नये.

व्हाइस घेतला तो हुक गोल फिरवत दोरा आणि पिसं झटपट गुंडाळायला. त्यासाठी तो वापरतोच. पण त्याचा खरा उपयोग तिसऱ्या महिन्यात कळला. तेव्हा मी ॲडम्स बांधत होतो. लेन हॅलाडे यांनी १९२२ मध्ये मिशिगनमध्ये बांधलेली ही करडी माशी आजही अनेकांच्या डबीत असते. माझी वरून फार देखणी झाली होती, पंख ताठ, शेपटी सरळ. सहज व्हाइस फिरवून ती उलटी केली, तर पोटाशी लोकरीचा हा एवढा गोळा! पाण्यावर तरंगणाऱ्या माशीकडे ट्राउट खालून बघतो. म्हणजे तीन महिने मी जी बाजू नटवत होतो ती त्याला नीट दिसतच नव्हती. तेव्हापासून प्रत्येक माशी आधी उलटी करून बघतो, मग काचेच्या वाडग्यात पाण्यावर सोडून खालून बघतो. एक माशी सारखी मागच्या बाजूने बुडायची. शेपटी आखूड होती, दुसरं काही नाही. हॅकलचे, म्हणजे कोंबड्याच्या मानेवरच्या पिसांचे, तंतू हुकच्या टोक आणि दांडीमधल्या अंतराच्या साधारण दीडपट असावेत. लांब झाले की माशी टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी दिसते. मला ती दिसायला आवडते, पण पुन्हा सोडवून बांधतो.

सोबतचा बॉबिन, म्हणजे दोऱ्याचं रीळ धरणारं नळीचं साधन, अजिबात घेऊ नका. धातूच्या नळीच्या कडेने दोरा कापला जातो, तोही शेवटच्या गाठीला. सिरॅमिक नळीचा वेगळा घेतला आणि ते दुखणं गेलं.

सुरुवात फेझंट टेल निम्फने करा, म्हणजे फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांची, पाण्याखालच्या किड्यासारखी दिसणारी माशी. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर ती दोऱ्याऐवजी बारीक तांब्याच्या तारेने बांधत. तारेने आकारही येतो आणि वजनही, त्यामुळे माशी बुडते. ट्राउट बरंचसं अन्न पाण्याखालीच खातो, म्हणून हिला काम भरपूर. मोरपिसाचे तंतू वापरणार असाल तर तेही बारीक तारेने आवळा. ट्राउटच्या दातांनी ते लवकर तुटतात.

पिसांची डबी झाकणाची हवी. मांजराने माझं सर्वांत चांगलं हॅकल पळवलं, आणि एवढ्या विश्वासाने माझ्या माशीवर अजून एकाही ट्राउटने झडप घातलेली नाही.

व्हाइसचं स्टँड जड आहे, हलत नाही. फिरवायचा स्क्रू पाचव्या महिन्यात सैल झाला, पान्याने आवळला, पुन्हा तक्रार नाही. मी हाच परत घेईन.

सर्वांत जास्त वेळ माझा हुकच्या डोळ्याने, म्हणजे दोर ओवायच्या भोकाने, खाल्ला. अंग बांधण्याच्या भरात पुढे सरकत जायचं आणि शेवटी डोकं बांधायला जागाच उरायची नाही. डोळाच बुजला तर दोर ओवणार कुठून? आता आधी डोळ्यामागे दोऱ्याचा एक वेढा खुणेसाठी देतो आणि तो ओलांडत नाही. आत्ता १६ चा हुक लावलेला आहे, अंग पूर्ण झालंय, आणि खुणेपुढे जागा मोकळी आहे.