गावरान भुट्टा की स्वीट कॉर्न?

पावसाळा लागला की नागपूरच्या बाजारात दोन्ही भुट्टे शेजारीशेजारी दिसतात. घेण्याआधी ठरवा : भाजायचा आहे, उकडायचा आहे की किसायचा? अर्धी निवड तिथेच होते.

रंगावर जाऊ नका, पिवळे दोन्हीही असतात. एक दाणा कच्चाच चावून बघा. रसाळ आणि गोड लागला तर स्वीट कॉर्न, पिठूळ लागला तर गावरान.

भाजायला गावरानच घ्या. त्यात पिष्ट जास्त, पाणी कमी. निखाऱ्यावर फिरवत आठ-दहा मिनिटं भाजला की दाणा खरपूस होतो आणि चावायला भरीव लागतो. नागपूरच्या फुटाळा तलावावर लिंबू-तिखट-मीठ चोळून मिळतो तो भुट्टा असाच व्हायला हवा. स्वीट कॉर्न थेट आचेवर धरला की त्यातली साखर आधी करपते, पाणी उडून दाणे सुरकुततात. तोच भाजायचा असेल तर वरच्या पानांसकट पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा, मध्यम आचेवर भाजा आणि शेवटची दोन मिनिटंच सोलून आच दाखवा.

उकडायला मात्र स्वीट कॉर्नला तोड नाही. खळखळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं पुरे. कुकरच्या शिट्ट्या केल्या तर दाणे मऊ पडतात आणि गोडवा पाण्यात जातो. गावरानला मात्र कुकरच हवा : तीन-चार शिट्ट्या, जून असेल तर आणखी दोन.

किसासाठी पुन्हा गावरान. चार भुट्टे किसून दोन चमचे तुपात हिंग-जिऱ्याच्या फोडणीवर परता. कच्चा वास गेला की अर्धी वाटी दूध, झाकण, आणि मंद आचेवर दहा मिनिटं. वरून सांबार (म्हणजे कोथिंबीर), लिंबू. स्वीट कॉर्नचा कीस पाणी सोडतो आणि चिकट होतो, त्यात दूध घालूच नका. भज्यांसाठी तो वापरलात तर बेसनासोबत दोन चमचे तांदळाची पिठी लागते, नाहीतर भजी तेल पितात. आणि अख्खे दाणे कधीच तळू नका : आत वाफ कोंडून दाणा फुटतो, तेल अंगावर उडतं. ते भरड वाटूनच घ्या.

निवडताना दोन्हींची पारख एकच. पानं हिरवी, ओलसर आणि दाण्यांना घट्ट चिकटलेली हवीत. केस टोकाला तपकिरी, पण आत ओले. पानांवरूनच टोकापर्यंत बोट फिरवा, दाणे भरले आहेत की नाही ते कळतं. प्रत्येक भुट्टा सोलून बघू नका, उघडा पडलेला दाणा लवकर सुकतो. घेतलेल्यातला एक सोलून मधल्या दाण्यात नख रोवा. दूध आलं तर नेमका, नुसतं पाणी आलं तर कोवळा, घट्ट पीठ आलं तर जून. टोकाला अळी निघाली तर तेवढा भाग कापून टाका, बाकीचा चांगला असतो.

तोडल्यापासून साखरेचं पिष्ट होऊ लागतं, उन्हात आणखी झपाट्यानं. म्हणून सकाळी घ्या आणि त्याच दिवशी शिजवा. सोलून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्यापेक्षा पानांसकटचा बरा. तो फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर स्वीट कॉर्नचे दाणे दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात टाका, लगेच बर्फाच्या पाण्यात गार करा, फडक्यावर कोरडे करून फ्रीझरमध्ये ठेवा. ओले ठेवले तर दाण्यांचा एकच गोळा होतो.