मातीची घरं पाहायला अबिक्यू की सोनोइता?

माझ्या दोन मैत्रिणी अमेरिकेत रँचवर राहतात. एक उत्तर न्यू मेक्सिकोत अबिक्यूजवळ, दुसरी दक्षिण ॲरिझोनात सोनोइताच्या गवताळ माळावर. दोघींकडे राहून आले आहे. त्यामुळे तिकडची घरं बघायला निघालेली मंडळी मलाच विचारतात, सुट्टी आठवड्याचीच आहे, कुठे जाऊ?

घरांसाठी जात असाल तर न्यू मेक्सिको. माझं लहानपण धुळ्याकडे धाब्याच्या घरात गेलं. मैत्रिणीच्या खोलीत आडवी झाले, वर पाहिलं आणि आजीच्या घरी आल्यासारखं वाटलं. साल काढलेले गोल वासे, त्यांना तिथे व्हिगा म्हणतात. त्यांवर काठ्या दाटीने अंथरलेल्या आणि वर सपाट छत. पावसाच्या पाण्यासाठी भिंतीबाहेर काढलेले पन्हळ, भिंतीत कोनाडे, कडेने मातीचा ओटा, कोपऱ्यात गोलसर शेकोटी. विटा कच्च्या, उन्हात वाळवलेल्या. भिंती इतक्या जाड की खिडकीत बसून पुस्तक वाचता येतं.

सांता फे या न्यू मेक्सिकोच्या राजधानीत मात्र डोळे उघडे ठेवून फिरा. तिथे जुन्या भागात १९५७ पासून बांधकामाच्या शैलीचे नियम आहेत, त्यामुळे लाकडी सांगाड्यावर सिमेंटचा गिलावा दिलेली नवी घरंही मातीचीच वाटतात. खिडकीपाशी भिंत किती जाड आहे ते बघायचं, ते सहसा खरं सांगतं. पहिल्याच दिवशी दम लागला तर घाबरू नका. शहर २,१०० मीटरच्या वर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षाही उंच. सोबत वयस्कर माणसं असतील तर पहिला दिवस मोकळा ठेवा.

ताओस प्वेब्लो चुकवू नका. मूळ अमेरिकी आदिवासींची, मजल्यावर मजला चढवलेली ही मातीची वस्ती १९९२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. जुन्या भागात आजही वीज आणि नळ नाहीत. ही लोकांची राहती घरं आहेत. परवानगीशिवाय कुणाच्या दारात शिरायचं नाही, माणसांचा फोटो विचारूनच काढायचा. धार्मिक विधींसाठी वस्ती पाहुण्यांना बंदही असते, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी त्यांचं वेळापत्रक बघा.

अबिक्यूतलं जॉर्जिया ओकीफ या चित्रकर्तीचं घर आधी नोंदणी करूनच पाहता येतं. १९४५ साली तिने जवळजवळ पडीक वास्तू घेतली, दुरुस्त करवली आणि १९४९ पासून तिथे राहू लागली. अंगणाच्या भिंतीतलं काळं दार तिने पुन्हा पुन्हा चित्रांत रंगवलं. त्या दारासमोर मी बराच वेळ उभी होते.

ॲरिझोनात घरांचा तोंडवळाच वेगळा. टूसॉन शहराच्या बारियो व्हिएहो या जुन्या वस्तीत घरं थेट रस्त्याला टेकलेली, पुढे अंगण नाही. देवडीसारख्या बोळातून आत गेलं की मागे अंगण लागतं. काही जुन्या घरांच्या छतात सग्वारो निवडुंगाच्या वाळक्या फासळ्या वापरलेल्या असतात. पण बहुतेक घरं खाजगी, रस्त्यावरूनच बघायची. आतून बघायचं तर सोनोइताजवळचं एम्पायर रँचचं जुनं घर आहे. पाहायला फार वेळ लागत नाही.

रँचवरच्या मुक्कामाचं म्हणाल तर मला सोनोइता जास्त भावलं. डोंगरापर्यंत पसरलेलं पिवळं गवत, पवनचक्कीवर चालणारी विहीर, गुरांचा हौद. अबिक्यूची रँच लहान, लसूणघासाची, पाटाच्या पाण्यावरची. तिथे पाटाला असेकिया म्हणतात. वसंतात सगळे शेतकरी मिळून गाळ काढतात, आणि पाणीवाटप बघायला निवडून दिलेला मायोर्दोमो असतो. आमच्याकडच्या पांझरा नदीच्या फडावरचा, म्हणजे सामाईक पाटपाण्यावरचा, पाटकरीच तो! कुठल्याही रँचवर दोन गोष्टी पाळा. फाटक जसं होतं तसंच सोडा, उघडं तर उघडं, बंद तर बंद. आणि गुरं किती, असं विचारू नका. ते बँकेतली शिल्लक विचारण्यासारखं आहे.

महिना मात्र सगळं उलटं करू शकतो. डिसेंबर-जानेवारीची सुट्टी असेल तर उत्तरेला बर्फ असतो, तेव्हा दक्षिणेला जा. टूसॉनची हवा तेव्हा आपल्या पुण्याच्या थंडीपेक्षा गार असते, पण उत्तरेपेक्षा खूपच सौम्य. जून असेल तर टूसॉन टाळा, पारा चाळिशीला भिडतो.

जूनमध्ये उत्तरेला गेलात तर रांचोस दे ताओसच्या चर्चकडे जा. १९६७ मध्ये त्या मातीच्या भिंतींना टिकाऊ म्हणून सिमेंटचा गिलावा दिला होता. ओल आत कोंडली आणि भिंती खराब होऊ लागल्या. शेवटी १९७९ मध्ये तो खरवडून काढून पुन्हा माती लावली. तेव्हापासून गावकरी दरवर्षी एकत्र येऊन भिंती लिंपतात, बहुधा जूनमध्येच. तारीख जुळते का, एवढं आधी विचारून ठेवा.