‘इतिहासातील सर्वांत प्रभावी व्यक्ती कोण?’: एका ग्रंथपेटीविषयी अभिप्राय

दक्षिण रत्नागिरीतील एका तालुक्याच्या गावचे सार्वजनिक वाचनालय आसपासच्या वाड्यांतील वाचकगटांना महिनाभरासाठी विषयवार ग्रंथपेट्या देते. त्यांपैकी ‘मानवी इतिहासातील सर्वांत प्रभावी व्यक्ती कोण?’ या विषयाची पेटी आमच्या वाडीने नुकतीच वाचून परत केली. ज्या जिल्ह्यात १८२८ साली स्थापन झालेले नगर वाचनालय आजही चालू आहे, तेथे पुस्तके वाडीपर्यंत पोहोचण्याचे फारसे नवल वाटू नये. परंतु एका प्रश्नाभोवती पुस्तके निवडणे आणि वाचकांना आपले उत्तर कारणांसह लिहिता यावे म्हणून पेटीसोबत एक वही फिरती ठेवणे, ही योजना मला विशेष मोलाची वाटली.

व्यवस्थेबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण ती चोख आहे. थोडी अनामत आणि नाममात्र वर्गणी भरली की पत्र्याची ट्रंक मिळते. ती नेण्या-आणण्याचे काम गटाने करायचे असते. कोकणच्या दमट हवेत पुस्तकांचे दोन शत्रू, बुरशी आणि कसर. त्यांच्यापासून जपण्यासाठी प्रत्येक पुस्तकाला जाड वेष्टण घातलेले आहे आणि ट्रंकेत डांबरगोळ्या ठेवलेल्या आहेत. तरीही दोन चरित्रांची पाने एकमेकांना चिकटलेली निघाली आणि एकाची शेवटची काही पाने नव्हतीच. ग्रंथपालांना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच नोंद करून घेतली.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे पुस्तकांच्या निवडीकडे, वळतो. पेटीत बुद्ध, येशू, पैगंबर मुहंमद, कन्फ्यूशिअस, अशोक, चंगीझखान, न्यूटन, जेन्नर, डार्विन, मार्क्स, आइन्स्टाइन, मारी क्युरी, गांधीजी आणि डॉ. आंबेडकर यांची लहानमोठी चरित्रे आहेत. सोबतच्या माहितीपत्रकात १९७८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या शंभर प्रभावी व्यक्तींच्या एका गाजलेल्या क्रमवारीचा परिचय दिला आहे. त्या क्रमवारीत पहिले स्थान पैगंबर मुहंमदांना, दुसरे न्यूटनला आणि तिसरे येशूला मिळाले होते. पैगंबरांना पहिले स्थान देण्यामागचा विचार असा की, धर्मसंस्थापक आणि राज्यकर्ता या दोन्ही भूमिकांत त्यांच्याइतके यश दुसऱ्या कोणाला मिळाले नाही. उलट ख्रिस्ती धर्माच्या उभारणीचे श्रेय येशू आणि संत पॉल यांच्यात विभागले जाते. हा युक्तिवाद गंभीरपणे घ्यावा असाच आहे, आणि माहितीपत्रकाने तो नीट मांडला आहे. मात्र त्या शंभर जणांत स्त्रिया अवघ्या दोन, स्पेनची इसाबेला आणि इंग्लंडची पहिली एलिझाबेथ, हे माहितीपत्रकात कोठेही सांगितलेले नाही. आणि पेटीतही मारी क्युरीखेरीज एकही स्त्री नाही. सावित्रीबाई फुले यांचे चरित्र त्या वाचनालयाच्या कपाटात असताना ते पेटीत येऊ नये, याची मला खंत वाटते.

माहितीपत्रकातील एक विधान तर सुधारलेच पाहिजे. ‘मुद्रणाचा शोध गुटेनबर्गने लावला’ असे त्यात छापले आहे. चीनमध्ये लाकडी ठशांवरून छापलेला आणि इसवी सन ८६८ हे वर्ष नोंदवलेला ग्रंथ उपलब्ध आहे. छपाईसाठी एकेका अक्षराचे सुटे खिळे तेथल्याच बी शेंग याने अकराव्या शतकात तयार केले होते. गुटेनबर्गचे कर्तृत्व वेगळे आणि तरीही प्रचंड आहे: धातूचे एकसारखे खिळे ओतण्याची पद्धत, तेलयुक्त शाई आणि दाबयंत्र यांचा मेळ घालून त्याने १४५५ च्या सुमारास छपाई वेगवान केली, आणि जेमतेम शंभर वर्षांत, १५५६ साली, असे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यात येऊन पोहोचले. ज्या पेटीचा विषयच कोणाच्या कर्तृत्वाचा वाटा किती हा आहे, तिच्या माहितीपत्रकाने तरी हा फरक जपायला हवा होता.

पेटीचा खरा ऐवज मात्र वहीत आहे. आमच्या आधी ती ज्या ज्या वाड्यांत फिरली, तेथील वाचकांनी तीत मनापासून लिहिले आहे, आणि पुस्तकांत ज्यांचे नाव नाही अशी माणसे तेथे भेटतात. मासेमारी करणाऱ्या एका वाचकाने रुडॉल्फ डिझेलचे नाव लिहिले आहे. शिडाच्या होड्यांनी किनारा धरून मासे मारणारी आपली आधीची पिढी आणि खोल समुद्रात जाणारी आपली पिढी यांच्यातील अंतर या एका माणसाच्या इंजिनाने पाडले, असे त्यांचे म्हणणे आहे. डिझेलचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली चालले आणि त्याचा शेवट १९१३ मध्ये इंग्लंडकडे जाणाऱ्या बोटीवरून नाहीसे होऊन समुद्रातच झाला, ही माहिती त्यांनी स्वतः मिळवून लिहिली आहे.

खानावळ चालवणाऱ्या एका काकूंची नोंद मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटली. त्यांनी कोलंबस निवडला आहे, आणि कारण म्हणून आपल्या स्वयंपाकघरातील जिन्नस मांडले आहेत: मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू, आणि परसातील पेरू, पपई, अननस. यांतील प्रत्येक गोष्ट मूळची अमेरिका खंडातील आहे, आणि सोळाव्या शतकापूर्वी कोकणातील कालवणाला तिखटपणा यायचा तो मिऱ्यांचा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जाती आज ज्या डोंगरउतारांवर लावल्या जातात, तेथे पाचशे वर्षांपूर्वी काजूचे एकही झाड नव्हते. एका प्रवासाने दोन खंडांचे अन्न बदलले आणि अमेरिकेतील मूळ रहिवाशांवर रोगराई आणि गुलामी लादली. प्रभाव या शब्दात बऱ्याबरोबर वाईटही मोजायचे असेल तर कोलंबसला वगळता येणार नाही, असे त्या लिहितात.

या नोंदीवर आमच्या वाडीत बराच वाद झाला आणि त्यातूनच माझ्या मनातील कसोटी स्पष्ट झाली. एखाद्याचा प्रभाव मोजताना त्याच्यानंतर काय घडले एवढेच पाहून भागत नाही. तो नसता तर ते घडले असते का, हेही विचारावे लागते. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, तो आफ्रिकेला वळसा घालून; त्यासाठी कोलंबसची गरज नव्हती. त्याच मार्गाने हिंदुस्थानकडे निघालेला काब्रालचा पोर्तुगीज तांडा पश्चिमेकडे सरकत एप्रिल १५०० मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला, आणि काजू तर ब्राझीलचाच. म्हणजे १४९२ चा प्रवास झाला नसता तरी काही वर्षांच्या फरकाने काजू कोकणात येणारच होता. हीच कसोटी डार्विनला लावली तर १८५८ साली त्याच्याबरोबरच वॉलेसचा त्याच उत्क्रांतीच्या सिद्धान्ताचा लेख लंडनमध्ये वाचला गेला होता, याची आठवण ठेवावी लागते. न्यूटनच्या कलनशास्त्राला तेच गणित स्वतंत्रपणे शोधणारा लाइब्निट्झ आडवा येतो, जरी गुरुत्वाकर्षणाचा त्याचा ग्रंथ त्या काळी दुसऱ्या कोणाकडून लिहिला गेला असता असे मला वाटत नाही.

एका निवृत्त परिचारिकाताईंनी एडवर्ड जेन्नरसाठी चार पाने लिहिली आहेत, आणि ती पाने वाचताना कोणाचेही मन हलेल. देवीच्या रोगाने केवळ विसाव्या शतकात सुमारे ३० कोटी माणसे दगावली असा अंदाज आहे. जेन्नरने १७९६ साली गोस्तन देवीची, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीची, लस एका मुलाला टोचली, १७९८ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि १८०२ च्या जूनमध्ये बगदाद आणि बसरामार्गे आलेली लस मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्थॉल हिला टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ते पहिले लसीकरण. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १९७५ मध्ये, भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. ताईंनी स्वतः दंडावर देवीचे व्रण असलेल्या पिढीची सेवा केली आहे, त्यामुळे त्यांच्या लेखनाला वजन आहे. जेस्टी नावाच्या इंग्रज शेतकऱ्याने १७७४ सालीच आपल्या कुटुंबाला अशी लस टोचली होती, हे खरे. पण त्याने ते जगाला पटवून दिले नाही. केलेले काम तपासून, लिहून, इतरांच्या हाती देणे हाही प्रभावाचा अविभाज्य भाग आहे, आणि तो जेन्नरचा आहे.

जेन्नरसारख्या माणसावर पेटीत मुलांसाठीची एक पातळ पुस्तिका असावी आणि चंगीझखानावर जाडजूड ग्रंथ असावा, ही निवडीची मोठी उणीव आहे. त्याहून मोठी उणीव जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर याच्या चरित्राची. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची त्याची पद्धत १९०९ मध्ये सिद्ध झाली आणि कार्ल बॉशने १९१३ मध्ये ती कारखान्यात आणली. आज जगातील जवळपास निम्म्या लोकांचे अन्न या पद्धतीने बनणाऱ्या खतावर अवलंबून असल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. अलिबागजवळ थळच्या कारखान्यात तयार होणारा युरिया आपल्या भातखाचरांत पडतो, तेव्हा त्यामागे हीच रीत असते. याच हाबरने एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर क्लोरीन वायूचा हल्ला घडवून आणला. माणसे जगवण्याचे आणि मारण्याचे एवढे मोठे सामर्थ्य एकाच बुद्धीतून आले असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही, आणि ‘प्रभावी’ म्हणजे ‘थोर’ नव्हे हे तरुण वाचकांना समजावण्यासाठी याच्याइतके योग्य चरित्र मिळणार नाही. वाचनालयाने ते मिळवावेच.

मी वहीत बुद्धाचे नाव लिहिले. येथे ‘तो नसता तर’ ही कसोटी लावली की दुसरा कोणी पर्याय समोर येत नाही. शिवाय त्याचा प्रभाव सैन्याने किंवा सत्तेने पसरवावा लागला नाही, असे मी लिहिणार होतो. परंतु त्यावर अशोकाचे काय, हा प्रश्न वाडीतील एका महाविद्यालयीन मुलीने विचारला, आणि तो रास्त होता. उत्तर कोकणात सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. आठव्या लेखात मृगयेच्या सहली सोडून राजा संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेल्याचे सांगितले आहे. नवव्यात, लोक नाना मंगलविधी करतात पण दास-सेवकांशी नीट वागणे आणि वडीलधाऱ्यांचा मान राखणे हेच खरे मंगल, असा उपदेश आहे. राजसत्तेने बुद्धाचा विचार किनाऱ्यापर्यंत आणला, हे मान्य करावेच लागेल. तरीही विचार प्रथम राजाला बदलतो आणि मग राजा शिलालेख कोरतो, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आणि राजसत्ता गेल्यावर काय झाले, याचा पुरावा तर आपल्या दारातच आहे. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीच्या २९ लेण्यांत आधी बौद्ध भिक्षू राहिले, पुढे वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाचे लोक आले, नंतर शैव आणि नाथपंथी आले. बुद्धाचे नाव कोकणातून शतकानुशतके जवळजवळ पुसले गेले. त्यानंतर मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बुद्धाला शरण गेले. ज्या प्रदेशातून एखादा विचार जवळजवळ निघून गेला, तेथेच तो कित्येक शतकांच्या अंतराने माणसांना ताठ उभे करतो, याला मी प्रभाव म्हणतो. पैगंबर मुहंमद आणि येशू यांच्या अनुयायांची संख्या कितीतरी मोठी आहे, आणि त्या मोजमापाने पाहणाऱ्याचे उत्तर वेगळे येईल. ते चूक आहे असे मी म्हणणार नाही. आमच्याच वाडीतील एका मुस्लिम शिक्षकांनी वहीत पैगंबरांसाठी लिहिलेली नोंद माझ्या नोंदीहून अधिक सुसंगत आहे, आणि पुढच्या वाचकांनी ती अवश्य वाचावी.

ही पेटी एकट्याने घेऊ नये. तिच्यातील पुस्तके चांगली असली तरी तिचा उपयोग चर्चेत आहे, आणि चर्चेसाठी निरनिराळ्या व्यवसायांतील आणि वयांतील निदान पाच-सहा घरे एकत्र यायला हवीत. शाळकरी मुलांना सोबत बसवावे, कारण तारखा आणि नकाशे शोधून आणण्याचे काम ती आनंदाने करतात. वाचनालयाकडे माझ्या तीन मागण्या आहेत: माहितीपत्रकातील मुद्रणाविषयीचे विधान दुरुस्त करावे, सावित्रीबाई, जेन्नर आणि हाबर यांच्यावरील चांगली मराठी पुस्तके घालावीत, आणि वही भरत आली असल्याने तिची छायाप्रत काढून मूळ वही सुरक्षित ठेवावी. पेटीसाठी नाव आधी नोंदवावे लागते, आणि शक्य असेल तर ती दिवाळीनंतर घ्यावी. पावसाळ्यात ट्रंक उघडी ठेवून पुस्तके हाताळणे त्यांच्या आयुष्याला हानिकारक आहे.